नवी लोकर

मानेला गार झोत लागला तेव्हा कुठे सुमेधाच्या लक्षात आलं, की केस खरंच गेले. तोवर ती आरशासमोर बसून कात्रीचा आवाज ऐकत होती, खुर्चीखाली पडणारे काळेपांढरे पुंजके बघत होती, पण हे दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय आणि आपण नुसती सोबत म्हणून आलोय, असंच तिला वाटत होतं. मग पार्लरमधल्या दुआनं तिचं डोकं हलकेच पुढे वाकवलं, मागून मशीन फिरवलं, आणि छतातल्या एसीची हवा थेट मानेच्या खाचेत येऊन बसली. चोपन्न वर्षांत त्या जागेनं वारा असा पाहिलाच नव्हता. आधी रिबिनींच्या दोन वेण्या, मग एक जाड शेपटा, मग लग्नातली गजऱ्यांनी वाकलेली वेणी, मग दुबईत आल्यापासून घाईघाईत घातलेली, शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावताना खांद्यावरून पुढे ओढून घेतलेली. वेणी होती ती होतीच. दीडेक वर्षापूर्वी उजवा खांदा आखडला, हात पाठीमागे जाईना, आणि पंचाईत सुरू झाली. विणकामाला खांदा लागत नाही, कोपरं अंगाशी धरून बाई दिवसभर विणू शकते. वेणीला मात्र हात मागे न्यावाच लागतो. नवऱ्यानं, अनिलनं, दोनतीनदा प्रयत्न करून पाहिला. रास अल खोरच्या गोदामात ट्रकवर माल बांधून घ्यायचा सगळा अनुभव त्यानं बायकोच्या डोक्यावर वापरला, आणि त्या गाठी सोडवता सोडवता सुमेधाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी लेक अस्मी अबू धाबीहून फोनवर म्हणाली, “ममा, जस्ट चॉप इट ऑफ. इट्स हेअर, नॉट अ किडनी.” आणि जुलैतल्या एका रिकाम्या दुपारी, शाळेला सुट्टी, बर दुबईतली निम्मी मराठी बिऱ्हाडं भारतात गेलेली, अशात ती एकटीच उठून पार्लरमध्ये गेली.

“मॅडम, आपकी स्किन बहुत सेन्सिटिव्ह है,” ब्रशनं मान झाडता झाडता दुआ म्हणाली. “ज़रा से बाल लगे और देखिए, पूरी लाल हो गयी.” “एसीमुळे होतं ते,” सुमेधा म्हणाली आणि मग दुआला कळावं म्हणून, “एसी से होता है. ड्राय हो जाती है.” मनगटांनाही तिच्या असंच व्हायचं. विणायला बसली की तासाभरात आतल्या बाजूला लाल पट्टे उठायचे, ती क्रीम चोळायची आणि एसीला दोन शिव्या घालून पुढची ओळ घ्यायची. दुआनं वेणी आधीच दोन्ही टोकांना रबर लावून अख्खी कापून ठेवली होती. ती फेकू का, असं तिनं विचारलं तेव्हा सुमेधा एकदम “नहीं, नहीं, दे दो” म्हणाली, आणि स्वतःचीच वेणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मीना बझारच्या उन्हात चालू लागली. साठ दिरहॅम, म्हणजे चौदाशे रुपये, तिनं सवयीनं हिशेब केला. नाशिकला एवढ्यात गावातल्या सगळ्या जावानणंदांचे केस कापून झाले असते. दुकानांच्या काचांत एक आखूड केसांचा, रुंद कपाळाचा माणूस तिच्या बरोबरीनं चालत होता. दोनदा तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. चेहरा ओळखीचा वाटत होता, पण कुणाचा ते तिला आठवलं नाही.

ते संध्याकाळी आईनं सांगितलं. आई नाशिकरोडला, बाबांनी नोकरीत असताना घेतलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. तिला सांभाळायला शकूताई होत्या. एक्याऐंशी वर्षांच्या आईच्या डोक्यातून गेल्या तीनचार वर्षांत एकेक खोली बंद होत चालली होती. आधी कालचं गेलं, मग परवाचं, मग बाबा गेल्याचं, मग नातीचं नाव. रोज तिच्या जेवणाच्या वेळी सुमेधा व्हिडिओ कॉल लावायची. शकूताई फोन वरणाच्या वाटीला टेकवून ठेवायच्या. आई बराच वेळ पडद्याकडे परक्यासारखी बघायची, सुमेधा वेणी पुढे घेऊन बोलत राहायची, आणि मग कधीतरी आईचे डोळे निवळायचे. “सुमे, होय गं? जेवलीस का?” एवढंच. त्या एका ‘सुमे’साठी सुमेधा दिवसभर वाट बघत बसल्यासारखी असायची. ते नाव या जगात आता दुसरं कुणी घेत नव्हतं. अनिल ‘सुमेधा’ म्हणे, शाळेत ‘मॅम’, लेक ‘ममा’. आपला आवाज ऐकून आई ओळखते, अशी तिची समजूत होती. त्या संध्याकाळी शकूताई “अगंबाई, ताई, हे काय केलंत!” म्हणून हसल्या, त्यांनी फोन वाटीला टेकवला, आणि आईनं पडद्याकडे पाहिलं मात्र, तिच्या हातातला घास ताटात पडला. बराच वेळ बघावं लागलं नाही. क्षणसुद्धा लागला नाही. “सुजीत!” आई म्हणाली. “आलास रे? किती उशीर! मी आपली केव्हाची वाट बघतेय.” आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की सुमेधानं उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.

सुजीत म्हणजे दादा. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्यानं लग्न केलं नाही, नाशिक सोडलं नाही, आईबाबांजवळ राहिला, आणि आठ वर्षांपूर्वी एका सकाळी ऑफिसच्या जिन्यात छातीला हात लावून खाली बसला तो बसलाच. आई तेव्हा चांगली शहाणी होती. ती रडली, तेराव्यापर्यंत सगळं रीतसर केलं, आणि त्यानंतर त्याचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही. मग आजार आला आणि नाव परत आलं. सुजीत कुठंय, म्हणून ती विचारू लागली. सुरुवातीला एकदोनदा तिला खरं सांगितलं, तर ती पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, सांगू नका. तेव्हापासून घराचा नियम होता: सुजीत ऑफिसला गेलाय, येईल इतक्यात. आता तो आला होता. सुमेधा पडद्याच्या कोपऱ्यातल्या आपल्या छोट्या चौकटीकडे बघत राहिली, आणि मीना बझारच्या काचांतून आपल्या बरोबर कोण चालत होतं ते तिला कळलं. तेच कपाळ, तीच थोडी पुढे आलेली हनुवटी. वेणीनं इतकी वर्षं हे झाकून ठेवलं होतं. “जेवलास का?” आईनं विचारलं. सुमेधाला खोटं बोलायची सवय नव्हती, पण आई थांबली होती, नवा घास हातात धरून. “जेवलो,” ती म्हणाली. आईनं त्या रात्री दोन पोळ्या खाल्ल्या, वर ताक मागितलं. शकूताई नंतर फोन बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवल्या बघा.”

तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण आनंदाच्या आत काहीतरी जुनं, टोचरं जागं झालं. त्यालाही दादाचंच नाव होतं. नाशिकरोडच्या कॉलनीत तेव्हा थंडी पडायची ती खरी थंडी. खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवावी लागायची. दिवाळी झाली की आई लोकर आणायची. ती नवी लोकर, तिचे गुंडे, त्यांच्यावरचा कागदी पट्टा, तो वास, हे सगळं दादाचं. हिरवा, मग चॉकलेटी, मग तो मरून, ज्याच्या छातीवर आईनं दोन पांढरी हरणं विणली होती. आणि सुमेधाचा स्वेटर? तो दादाच्या गेल्या वर्षीच्या स्वेटरचा. आई तो उसवायची, लोकरीच्या लड्या करून धुवायची, दोरीवर वजन टांगून सुरकुत्या काढायची, आणि मग त्याच लोकरीचा धाकटा स्वेटर विणायची. लोकर तरीही जराशी कुरळीच राहायची. वर्गातल्या पोरींना हे बरोबर ओळखता यायचं. “ए, ही तुझ्या भावाची लोकर ना?” एकदा, चौथीत असताना, सुमेधानं दुकानाच्या फरशीवर बसकण मारून नव्या गुलाबी लोकरीचा हट्ट केला. आईनं तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, “तुला हीच बरी.” एवढंच. त्या घरात कारणं सांगायची पद्धत नव्हती. भाजी का आवडत नाही विचारायचं नाही, ती खायची, तसंच हेही. पण ते तीन शब्द सुमेधाच्या अंगात कायमचे विणले गेले. आणि दादा तर एवढा दुष्ट, की होळी झाली, ऊन चटकायला लागलं, तरी नवा स्वेटर अंगातून काढायचा नाही. एप्रिलच्या दुपारी कपाळावरून घामाचे ओघळ येताहेत, मित्र हसताहेत, आणि हा हरणं मिरवत कॉलनीभर सायकल फिरवतोय. मुद्दाम, मला दाखवायला, अशी तिची खात्री होती. एकदा तिनं त्याच्या अंगावर शाईची दौत फेकली होती. आईनं तिला मारलं, आणि दादा मात्र डाग नळाखाली धरून काही न बोलता चोळत बसला होता, तेव्हा तर तिला त्याचा जास्तच राग आला होता.

पुढे हातात स्वतःचे पैसे आले तशी ती नवी लोकर घेऊ लागली. दुबईत स्वेटर, म्हणून लोक हसायचे. बिल्डिंगमधल्या बायका तिला ‘वाळवंटातली मेंढी’ म्हणायच्या, तीही हसायची. पण मीना बझारच्या मागच्या गल्लीत हनीफभाईंचं बटणं, लेस आणि लोकर यांचं दुकान होतं, तिथे पाऊल ठेवलं की तिचा संयम सुटायचा. अस्मीसाठी तिनं किती विणलं! अस्मी मॉलच्या गारठ्यात दोन वेळा घालायची आणि मग “ममा, इट्स इची” म्हणून टाकून द्यायची. आणि घरात अर्धवट कामांची एक सुटकेस भरली होती: एका बाहीचं जाकीट, गळा न झालेली बंडी, शालीची हातभर सुरुवात. काम हातात घ्यायचं, रंगात यायचं आणि शेवट आला की ठेवून द्यायचं, ही तिची खोडच होती. या मे महिन्यात मात्र तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी टाके घातले होते. पारव्या रंगाची लोकर, अस्सल, कुणीही न वापरलेली. पाठ झाली होती, पुढचा भाग झाला होता, बाह्या अर्ध्यावर होत्या. ऑगस्टात नाशिकला जायची तिकिटं काढलेली होती, तोवर हा स्वेटर संपवायचा आणि तिथे आईसमोर घालून उभं राहायचं, असं तिच्या मनात होतं. म्हणजे काय होणार होतं, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

“अगं, मग बरंच आहे की,” अनिल त्या रात्री मोजे काढत म्हणाला. गोदामातली धूळ त्याच्या भुवयांवर असायची, ती तशीच होती. “त्या खूश आहेत ना? जेवल्या ना? खलास. विषय संपला. तू कोण म्हणून समोर बसलीस याला काय इश्यू आहे?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अस्मी रीम आयलंडवरच्या फ्लॅटमधून म्हणाली, “ममा, जस्ट गो विथ इट. इट्स काइंड ऑफ ब्यूटिफुल.” सुमेधानं विचारलं, “आणि मी? मला कधी हाक मारणार मग ती?” पलीकडून अस्मी म्हणाली, “शी नोज यू, ममा. समव्हेअर.” हे ‘समव्हेअर’ कुठे असतं, तिथे व्हिडिओ कॉल लागतो का, हे काही पोरीला सांगता आलं नाही. बिचारीनं रविवारी येते म्हणून कबूल मात्र केलं.

मग ती रोज दादा होऊ लागली. दुपारपासूनच तिला धास्ती वाटायची, आणि संध्याकाळ झाली की आपणच कॉल लवकर लावतोय हेही तिला दिसायचं. कारण आई बोलायला लागली होती. सुमेधाशी ती गेलं वर्षभर एक वाक्य बोलत होती. सुजीतशी मात्र पंधरा पंधरा मिनिटं. दूधवाल्याचं, मोरीच्या नळाचं, बाबांच्या पेन्शनचं. ते सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं, पण बोलणं होतं, हसणं होतं. एकदा सुमेधाच्या मांडीवर विणकाम बघून आई म्हणाली, “बघू, तुझा कुठवर आला? धर अंगाला.” आपण विणतोय, असंच तिला वाटत होतं. सुमेधानं ते अंगाला धरलं. “बाही आखूड आहे रे. अजून चार बोटं घालते.” ती ‘घालते’ म्हणाली खरी, पण तिच्या सुया डॉक्टरांनी केव्हाच काढून घ्यायला लावल्या होत्या, आणि बोटं नुसती पदराच्या काठावर चालत होती. दुसऱ्या दिवशी सुमेधानं चार बोटं विणून दाखवली. मग आई म्हणाली, खांदा उतरतोय, रुंद कर. सुमेधानं खांद्यापर्यंत उसवून रुंद केला. आयुष्यात तिचं कुठलंही काम एवढ्या भराभर पुढे गेलं नव्हतं. एरवी ज्यानं तीन उन्हाळे सुटकेसमध्ये काढले असते ते काम दहाबारा संध्याकाळींत होत आलं, आणि रोज स्वेटर तिच्या मापातून निघून त्याच्या मापात जात होता. पहिल्यांदा स्वतःसाठी घेतलेली लोकर. शेवटी तीही दादालाच, तिला वाटलं, आणि मेलेल्या भावाचा असा हेवा करणारी आपण कसली बहीण, म्हणून तिला रडू आलं. तरी हेवा वाटत होता तो वाटतच होता. आई एवढं बोलायची, पण त्यात सुमी नसायची. सुमेधानं एकदा धीर करून विचारलं, “आई, सुमी कुठंय गं?” “असेल इथंच,” आई म्हणाली आणि पुन्हा मोरीच्या नळाचं सांगू लागली. मनगटं लालेलाल झाली होती. क्रीम संपलं.

त्याच सुमारास शकूताईंनी सांगितलं की आईला गिळायला त्रास होतोय, डॉक्टर बघून गेलेत, आता दिवस सांगता येत नाहीत म्हणालेत. तिकीट अलीकडे घेता येईल का, ते अनिल बघू लागला. सुमेधाला मात्र वेगळीच भीती वाटत होती. आपण जाऊ, दारात उभे राहू, तेव्हा आई कुणाला घरात घेईल? केस वाढायला वर्ष लागेल, आईकडे वर्ष नव्हतं. एकदा, फक्त एकदा तिनं ‘सुमे’ म्हणावं. मग राहीन मी दादा होऊन, जन्मभर राहीन. तिनं कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. गंगावन विकत मिळतं हे तिला ठाऊक होतं, पण स्वतःची वेणी घरात असताना दुसऱ्याचे केस कशाला? तिनं पारव्या लोकरीचाच एक धागा सुईत ओवला, वेणीचं वरचं टोक एका जाड पिनेला घट्ट शिवलं, डाव्या हातानं पीन कशीबशी मागच्या खुरट्या केसांत अडकवली, वरून ओढणी घेतली आणि वेणी खांद्यावरून पुढे आणली. आरशात सुमी होती. जराशी चोरून आल्यासारखी, पण तीच. डावा हात वेणीवर ठेवून तिनं कॉल लावला.

“आई, बघा कोण आलंय,” शकूताई म्हणाल्या. आईनं पाहिलं. सुमेधा थांबली. पूर्वीसारखाच वेळ जाऊ द्यायचा, डोळे निवळू द्यायचे. आईनं मान किंचित वाकवली, हात जोडले. “नमस्कार,” ती म्हणाली. “बसा ना. सुजीत ऑफिसला गेलाय, येईल इतक्यात. आपलं काय काम होतं?” शकूताई पलीकडून हळूच म्हणाल्या, “अहो, ताई आहेत या.” “आई, मी. सुमी,” सुमेधा म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. आई अदबीनं हसली, पाहुण्यांकडे हसतात तशी. “सुमी शाळेत गेलीय,” ती म्हणाली. मग तिची नजर पडद्यावरून इकडेतिकडे फिरायला लागली, हात पदराशी चाळा करू लागले. “सुजीत कुठंय? अंधार पडला. सुजीत का नाही आला?” शकूताईंनी घास पुढे केला, तो तिनं ढकलला. वरण फोनवर सांडलं. “सुजीत!” ती हाका मारायला लागली, दारात उभं राहून मारावी तशी. सुमेधानं फोन पलंगावर पालथा टाकला. पीन निघेना, एका हातानं निघतच नव्हती, आणि उजवा हात मागे जात नव्हता. शेवटी तिनं वेणी पुढून धरून ओढली तेव्हा पिनेबरोबर चार केस तुटून आले.

“आलो गं,” ती फोन उचलून म्हणाली. “आलो, आलो.”

“कुठे होतास रे?” आई धापा टाकत होती, पण चेहरा उलगडला होता. “मघाशी कोण बाई आली होती? चांगली होती बिचारी. तिच्याजवळ सुमीची वेणी होती.” “जेवून घे,” सुमेधा कशीबशी म्हणाली. आईनं शहाण्यासारखा एक घास घेतला, तो घोळवत घोळवत उतरवला आणि मग तिला आठवण झाली. “स्वेटर झाला का?” झाला होता. सकाळीच गळ्याचे टाके बंद केले होते. “घाल बघू.” सुमेधानं तो डोक्यातून घातला. बाह्या तळहातावरून खाली आल्या, खांदे ओघळले, आणि नव्या लोकरीची ती कडक कडा उघड्या मानेवर येऊन टेकली. लगेच खाज सुटली. ती बोट घालून गळा सैल करू लागली.

“टोचतो ना?” आई म्हणाली. “टोचणारच. नवाय. काढू नकोस हं.”

“उकडतंय गं आई.”

“उकडू दे. मागल्या वर्षी नाही का घातलास एप्रिलपर्यंत? तूच म्हणालास ना मला, आई, मी करतो मऊ. तसाच घाल. रोज घाल, घाम मुरू दे, मी धुते, पुन्हा घाल. दोनदा, तीनदा. मग उसवून तिचा करायला घेते.” घास राहिला होता तो शकूताईंनी भरवला. “पहिल्या वर्षी नव्या लोकरीचा घातला होता तिला, तर मान सोलून निघाली पोरीची. रात्रभर रडली. नवी सोसत नाही तिला. तुझ्या अंगावरची बरी.”

सुमेधाला पडदा दिसेनासा झाला. “तिला सांगितलंस का हे?” तिनं विचारलं.

“काय सांगायचं? लहान आहे ती. दादाला नवं, मला जुनं, म्हणून रुसते. रुसू दे.” आईनं पाण्याचा घोट घेतला. “टोचत तर नाही ना तिला?”

“नाही,” सुमेधा म्हणाली. “नाही टोचत.”

“मग झालं,” आई म्हणाली, आणि मिटल्या तोंडानं थोडी हसली. शकूताईंनी तिचं तोंड पुसलं, आता झोपवते म्हणाल्या आणि फोन बंद केला.

सुमेधा पलंगावर तशीच बसून राहिली. शेजारी वेणी पडली होती, तिच्या टोकाला पारवा धागा लोंबत होता. एसीची हवा येत होती तोवर स्वेटर सोसत होता. थोड्या वेळानं ती उठली, तिनं एसी बंद केला, बाल्कनीचं दार उघडलं. दिवेलागण होऊन गेली होती तरी बाहेरून भट्टीतल्यासारखी हवा आत आली. खाली गल्लीत दुकानांची शटरं अर्धी उघडी होती, कुणीतरी टेम्पोतून कापडाचे तागे उतरवत होतं. तिच्या पाठीवरून घाम वाहू लागला, मान पेटल्यासारखी झाली. तिला तो दिसला: कॉलनीतल्या रस्त्यावर, भर दुपारी, सायकलवर, छातीवर दोन पांढरी हरणं, कपाळावरचे ओघळ बाहीला पुसत. मित्र हसताहेत आणि हा फेऱ्या मारतोच आहे. बारातेरा वर्षांचा मुलगा तो. बाहीवर शाई उडाली तेव्हा नळाखाली बसून घासत होता, कारण ती लोकर पुढे कुणाच्या अंगावर जायची ते त्याला माहीत होतं. आणि नंतर मोठं झाल्यावर, भाऊबिजेला, विमानतळावर सोडायला आल्यावर, बाबांच्या आजारपणात, एकदाही तो काही बोलला नाही. घरात पद्धतच नव्हती. तिनं त्याला कधी विचारलं नाही, आणि आता दोघांपैकी कुणालाच विचारता येणार नव्हतं. ती कठड्याला धरून मोठ्यानं रडली, इतक्या मोठ्यानं की खालच्या माणसानं मान वर करून पाहिलं.

किल्लीचा आवाज झाला. अनिल आत आला, अंधारात दोन पावलं टाकून थबकला, त्यानं दिवा लावला. “एसी का बंद? लाइट गेले होते?” मग त्याला ती दिसली: आखूड केस चिकटलेले, चेहरा लाल, अंगात तो ढगळ, बोटांखाली बाह्या गेलेला स्वेटर. त्याच्या हातातली बॅग खाली गेली. “अगं, सुमेधा! वेड लागलं का? जुलै आहे! काढ तो आधी. मान बघ तुझी, केवढी लाल झालीय.”

“राहू दे,” ती म्हणाली, आणि गळ्याची कडा वर ओढून तिनं ती मानेला नीट लावून घेतली. “मऊ व्हायला हवा.”